डावं पुढचं चाक

केरू : ताई, घण मारून मारून माझा खांदा सैल झाला, पण हे चाकाच्या मधलं हब काय सैल व्हायला तयार नाय. चाक काढलं, ब्रेक काढला, डिस्क काढली, पाठीमागचे बोल्ट ढिले केले. आता याला धरून ठेवणारं काही उरलं नाय, तरी बसलंय. रुसलेला जावई जसा.

हर्षाली : जावई असता तर धोंड्याचं जेवण घालून उठवला असता. याला काय वाढू ते सांगा. केरूदादा, संध्याकाळच्या आत मला गाडी दारात उभी पाहिजे.

केरू : गंजाचं तेल पाजलंय, जरा मुरू द्या. सकाळी तर म्हणालात, माल उद्या पहाटे भरायचा हाय. मग आज संध्याकाळची घाई कशाला?

हर्षाली : माल उद्याच आहे. मोहिनीताईंच्या नर्सरीतली ढोबळी मिरचीची रोपं, सटाण्याला पोचवायची. पण आज संध्याकाळी सटाण्याचा राकेश येतोय, गाडी बघायला.

केरू : बघायला का न्यायला?

हर्षाली : पसंत पडली तर न्यायला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी बोलावलंय त्याला. पिकअप सासऱ्यांची, ते गेल्यावर सासूबाईंच्या नावावर झाली. मी नुसती चालवणारी.

केरू : नुसती कशी? ताडपत्रीखाली कोंबड्या अंडी घालत होत्या तिच्यात. तुम्ही बाहेर काढली म्हणून निघाली. सीटखालून पिसं मीच तर उपसली.

हर्षाली : ते तुम्हाला आठवतं, घरात कोणाला आठवत नाही. मी स्टेअरिंग धरलं त्याच दिवशी आत्याबाईंनी बजावून ठेवलं होतं, 'गाडी ज्या दिवशी अडेल, त्या दिवशी तुझं डायव्हरपण सुटलं.' आणि परवा भावडबारीचा घाट उतरताना हे चाक घुंई घुंई करायला लागलं. घरी येईपर्यंत असं रडत होतं की गल्लीच्या तोंडापासून त्यांना ऐकू आलं. मी चहा पिऊन होईपर्यंत राकेशला फोन गेलासुद्धा.

केरू : हां. म्हणजे संध्याकाळी चाक गप पाहिजे.

हर्षाली : राकेशनं चक्कर मारली आणि चाकानं तोंड उघडलं नाही, तर मला म्हणता येईल, बघा, गाडीला काही झालेलं नाही, विकायची कशाला. पण गाडी इथं तीन चाकांवर लंगडत उभी आहे हे त्यांना कळलं, तर संपलंच. मग मी परत घरात. त्या चार भिंती आणि ती मिक्सरची घरघर.

केरू : दीपकभाऊ काय म्हणतात?

हर्षाली : नवरा एकलहऱ्याला, पॉवर स्टेशनात. म्हणतो, तिथं एवढ्या व्होल्टेजच्या शेजारी दिवसभर उभा राहीन, पण तुझ्या आणि आईच्या मध्ये उभं राहायला सांगू नकोस.

केरू : शहाणा माणूस हाय. पण ताई, खरं सांगतो, गाडी गेली तर लय वाईट होईल. नर्सरीवाले तुमचंच नाव घेतात. रोपाचा ट्रे तुमच्या गाडीत हलत नाय म्हणतात. बाकीचे डायवर रोपं नेतात आणि तिकडं कोशिंबीर उतरवतात.

हर्षाली : सगळं नाशिक म्हणतं हो. घरात एक शब्द नाही. पहाटे गाडी काढताना मी आरशात मागे ओट्याकडं बघते, वाटतं, आज तरी आत्याबाई दारात येतील, नीट जा म्हणतील. ओटा रिकामा. सासरे होते तेव्हा त्यांना निरोप द्यायला गेटपर्यंत जायच्या म्हणे.

केरू : बरं, एक विचारू का? तुम्ही मधेच कधी मासळी भरता का गाडीत?

हर्षाली : मासळी? मिरची, टोमॅटो, वांगी, एवढीच रोपं. का?

केरू : मग समुद्रावर नेली होती का कधी? पोरंबाळं घेऊन?

हर्षाली : कसला समुद्र, केरूदादा. आमची धाव सटाण्यापर्यंत. काय झालं ते सांगा ना.

केरू : उजवं चाक मी सकाळी खोललं होतं, बेअरिंग बघायला. दोन ठोक्यात हब हातात आलं. तीच गाडी, तेच रस्ते, तोच चिखल. मग डाव्यालाच असं धरायला काय झालं? हे बगा, इथं बोट फिरवा. पांढरं पांढरं.

हर्षाली : चुना असेल.

केरू : मलाबी तसंच वाटलं. म्हणून जिभेला लावून बघितलं.

हर्षाली : शी, केरूदादा.

केरू : मीठ हाय. मासळीच्या गाड्या येतात माझ्याकडं, खारं पाणी गळून गळून त्यांची चाकं अशीच धरतात. पण त्यांची सगळी धरतात. तुमचं हे एकटंच. आणि हे काळे काळे दाणे काय म्हणायचे? डिस्कच्या मागून निघाले, ग्रीसात चिकटलेले.

हर्षाली : बघू. मोहरी आहे ही.

केरू : मोहरी? मग कढीपत्ता बघतो कुठं अडकलाय का.

हर्षाली : मीठ आणि मोहरी.

केरू : काय हो, चेहरा का उतरला एकदम?

हर्षाली : आमच्या घरात मीठ-मोहऱ्या एकाच माणसाच्या मुठीत असतात. गल्लीतलं बाळ किरकिरलं तरी आमच्या आत्याबाईंनाच बोलावतात, दृष्ट काढायला.

केरू : मग काढली असेल गाडीची दृष्ट. त्यात काय?

हर्षाली : दृष्ट काढून झाली की मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकतात. चाकात कोण टाकतं? चाक धरून बसावं असं ज्याला वाटतं, तोच टाकेल ना? 'गाडी अडली की तुझं डायव्हरपण सुटलं', हे म्हणालं कोण होतं?

केरू : ताई, एवढ्या लांब जाऊ नका. गावाला वळसा घालून भलत्याच घरात शिरल्यासारखं होईल.

हर्षाली : नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. मी भांडले असते, रडले असते, पण समजून घेतलं असतं. हे चोरून, रोज थोडं थोडं... मला फार लागलं बघा हे.

केरू : आधी हब काढू, मग लागलेलं बघू. हा घ्या आणखी एक ठोका. आणि हा एक. तुमचा फोन वाजतोय बगा.

हर्षाली : आत्याबाईच आहेत. माझे हात ग्रीसचे झालेत, तुम्ही ते हिरवं बटण दाबा, स्पीकरवर. आणि घण ठेवा खाली. अगदी गप्प.

चिमणाबाई : हॅलो. हर्षाली, कुठं हायेस तू?

हर्षाली : नर्सरीत, आत्याबाई. उद्याचे ट्रे बघायला आलेय.

चिमणाबाई : नर्सरीत हे खणकन काय आपटलं?

हर्षाली : शेड बांधतायत नवीन.

चिमणाबाई : आस्सं. आत्ताच मोहिनीला फोन लावला व्हता मी. ती म्हनली, हर्षाली आज फिरकलीच नाय.

हर्षाली : हो का. ती पलीकडच्या बाजूला असेल.

चिमणाबाई : मिस्तरी, तू केरूच ना? धापा टाकायलास, ऐकू येतंय मला.

केरू : रामराम मावशी.

चिमणाबाई : रामराम. रिक्षात बसलीय मी, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी आले. तुझं गॅरेज कुठल्या हाताला पडतं?

केरू : डाव्या हाताला, मावशी. टायरवाल्याच्या पुढं.

चिमणाबाई : आले. ठेव.

हर्षाली : सांगितलंत लगेच. डाव्या हाताला म्हणे.

केरू : मावशीला खोटं सांगायची माझी छाती नाय. तुमचं टिकलं का? चला, त्या यायच्या आत काढू. आता घण बास झाला, आता डोकं लावू. बसा डायवरच्या जागेवर.

हर्षाली : मी? मी बसून काय होणार?

केरू : ऐका. हा बोल्ट मी थोडा मागं सोडून ठेवलाय. त्याचं डोकं आणि मागचा आस, या दोघांच्या मध्ये ही लोखंडी कांडी बसवतो. तुम्ही गाडी सुरू करा आणि स्टेअरिंग हळू डावीकडं फिरवा. कांडीला पळायला जागा नाय, ती बोल्टाला रेटणार, बोल्ट हबाला रेटणार. पॉवर स्टेअरिंगचा जोर माझ्या खांद्याच्या दसपट. मग कांडी पुढच्या बोल्टाला लावायची आणि उजवीकडं फिरवायचं. एकदा इकडून, एकदा तिकडून, दात हलवतो तसं. फक्त झटका द्यायचा नाय. झटका दिला तर कांडी उडून सुसाट सुटेल.

हर्षाली : मग दुसऱ्या कोणाला तरी बसवा. माझं लक्ष आत्ता थाऱ्यावर नाही.

केरू : दुसऱ्याला बसवायचं नाय म्हणून तर तुमची वाट बघितली. ट्रेमधलं रोप न हलवता घाट उतरणारा हात पाहिजे मला. बसा.

चिमणाबाई : अगं बाई, चाक कुठं गेलं गाडीचं?

केरू : आलात का मावशी? तिकडं नका जाऊ, कांडी उडाली तर लागेल. या, माझ्या मागं उभ्या राहा.

चिमणाबाई : ही वर कशाला बसलीय? गाडी पडली तर पोरीला घेऊन पडंल.

केरू : खाली घोडी लावलीय, रेडा धडकला तरी पडायची नाय.

हर्षाली : आत्याबाई, जे काय बोलायचं ते आपण नंतर बोलू. केरूदादा, सुरू करते.

केरू : हां. डावीकडं. हळू. अजून. अजून थोडं. बास, धरून ठेवा. कुरकुरलं, ऐकलं का? आता सोडा, मी कांडी पुढं घेतो. हां, आता उजवीकडं.

चिमणाबाई : एका बोटानं फिरवती का काय ती?

केरू : बोलू नका मावशी, तिचं ध्यान जाईल. अजून. अजून. बास. केसभर सरकलं बगा. परत डावीकडं.

(खणकन आवाज होतो. हब निसटून जमिनीवर पडतं.)

केरू : निघालं. बंद करा गाडी. ताई, उतरा खाली, बगा तुमचा जावई.

हर्षाली : खरंच निघालं. एवढ्या घणानं हललं नव्हतं.

केरू : हे आता भंगारात. नवीन आणलेलं बसवतो, जागा घासून ग्रीस लावतो, संध्याकाळी गाडी दारात. मावशी, तुम्ही जरा पुढं या. ह्या हबाच्या बुडाशी काय दिसतं?

चिमणाबाई : गंज.

केरू : आणि गंजात?

चिमणाबाई : मला काय दिसतंय. चष्मा घरी राह्यला.

हर्षाली : मोहरी आहे, आत्याबाई. आणि मीठ. केरूदादांनी चाखून बघितलंय.

चिमणाबाई : चाखलं? अरे बाबा, उतरवून टाकलेलं कुनी तोंडात घालतं का? थुंक आधी. चूळ भर.

केरू : दुपारीच पचलं ते, मावशी.

हर्षाली : म्हणजे तुम्हीच टाकलंय.

चिमणाबाई : मी कुठं असं म्हनले?

हर्षाली : आत्ताच म्हणालात. उतरवून टाकलेलं. आत्याबाई, एकदाच खरं सांगा. चाक अडावं म्हणून टाकलंत का? गाडी बंद पडली की मी घरात बसेन म्हणून?

चिमणाबाई : अडावं म्हनून? येडी का खुळी तू? माझ्या घरातलं मानूस घाटात असताना चाक अडावं म्हनीन मी? सुखरूप फिरून यावं म्हनून टाकत व्हते. तू निघतीस त्या दर दिवशी.

हर्षाली : दर दिवशी?

चिमणाबाई : मग? रोज नव्या रस्त्याला जातीस, रोज नवी मानसं बघत्यात. बाई गाडी चालवती म्हनून वळून वळून बघत्यात. रोजची लागलेली रोज उतरवायला नको?

हर्षाली : पण ते निखाऱ्यावर टाकायचं असतं ना?

चिमणाबाई : निखारा ठेवलाय कुठं तुमी? दीपकनं चूल फोडून तिथं गॅसचा ओटा बांधला, फरशी बसवली. एकदा गॅसवर टाकून बघितलं, तर मोहऱ्या तडतडल्या आन उडून तुझ्या पोह्यांत. तू म्हनलीस, आत्याबाई, आज फोडनी दोनदा दिली का.

हर्षाली : हो, आठवतंय. खारट झाले होते पोहे.

चिमणाबाई : तेव्हापासून तांब्यात टाकते. मीठ-मोहऱ्या पान्यात विरघळवायच्या आन चाकावर वतायच्या. म्हनलं, गाडी जाईल तशी दृष्ट रस्त्यावर सांडत जाईल. पार सटान्यापर्यंत.

केरू : मोहऱ्या विरघळत नसतात, मावशी.

चिमणाबाई : ते आता कळलं.

हर्षाली : आणि मला कधी दिसलं कसं नाही?

चिमणाबाई : दिसू नये म्हनून तर डावं चाक धरलं. खरं तर उजव्यावर वतायचं, डावं बरं नसतं. पन उजवीकडं तू बसतीस. हिचे सासरे सांगायचे मिस्तरी, डाव्या पुढच्या चाकापाशी मानूस बसलं तर डायवरला आरशातबी दिसत नाय आन काचेतूनबी नाय. लेकरांना तिथं खेळू देऊ नका म्हनायचे.

हर्षाली : गाडी चालू असायची तेव्हा तुम्ही तिथं बसलेल्या असायचात?

चिमणाबाई : तू गेर टाकायच्या आधी सरकत व्हते ना मागं.

हर्षाली : आणि एखाद्या दिवशी गुडघा धरला असता तर? उठता आलं नसतं तर? आत्याबाई, मी आरशात ओट्याकडं बघत बसायचे हो. ओटा रिकामा दिसायचा. मला वाटायचं, एवढा राग आहे माझ्यावर, की दारातसुद्धा येत नाहीत. आणि तुम्ही माझ्या चाकाशी बसला होतात.

चिमणाबाई : रडू नको. मिस्तरी बघतोय.

केरू : मिस्तरी बघत नाय. मिस्तरी ग्रीस शोधतोय.

हर्षाली : एकदा तरी तोंडानं बरं म्हणायचं होतं. एकच दिवस. मला दुसरं काही नको होतं.

चिमणाबाई : म्हनले असते, पन दृष्ट आधी आपल्याच मानसाची लागते. गल्ली म्हनते, काय गाडी चालवते तुमची सून. मोहिनी म्हनते, तुमच्या सुनेसारखा हात नाय. पंपावरचा पोरगाबी म्हनतो. हा मिस्तरीबी म्हनत असंल. सगळी नजर लावायला मोकळी. घरात एक तरी मानूस गप नको का?

केरू : म्हणालो मी, मावशी. सकाळपासून दोनदा.

चिमणाबाई : बघ. म्हनून आज चिमूटभर जास्त घातलं असतं.

हर्षाली : मग राकेशला का बोलावलंत? एवढं सगळं केलंत, मग गाडी विकायला का काढलीत?

चिमणाबाई : चाक रडलं म्हनून. एवढं रोज उतरवते, तरी चाक रडलं. म्हनलं, आता हे माझ्या मुठीत मावत नाय. देवानं सांगितलंय, थांबव पोरीला. तू घाटात असलीस का संध्याकाळपर्यंत माझा घास उतरत नाय गं. दीपकचे वडील असताना असंच व्हायचं. पन ते मला सांगून जायचे तरी, अमक्याला पोचतो म्हनून.

केरू : मावशी, मी मिस्तरी माणूस, देवाचं मला कळत नाय. पण ह्या चाकाचं कळतं. हे देवानं रडवलेलं नाय. मिठानं बेअरिंग खाल्लं. उजवं चाक नव्यासारखं हाय. गाडीचा दोष नाय, डायवरचा तर त्याहून नाय.

चिमणाबाई : म्हंजे माझ्यामुळं?

केरू : आता तुम्हीच समजा.

चिमणाबाई : दीपकला सांगू नका कुनी.

हर्षाली : नाही सांगत.

केरू : एकलहऱ्याला हवा तिकडून वाहते, आवाज जायचा नाय.

चिमणाबाई : मिस्तरी, माझा फोन घे. राकेशला लाव. सटान्याचा राकेश म्हनून हाय त्यात, हिनंच टाकलाय नंबर. लागला का? दे इकडं. हॅलो, राकेश, निघालास का रे बाबा? निघू नकोस. नाय, गाडी द्यायची नाय. अरे नाय नाय, खराब कशानं, चांगली हाय. चांगली हाय म्हनूनच द्यायची नाय. मिरचीची रोपं घेऊन येतीय सून उद्या तुमच्याकडं, तिला चहा पाजा. आन तिच्या गाडीचं कौतुक करू नका. ठेव.

केरू : मावशी, मीठ उद्यापासून भाजीत घालायचं. चाकात नाय.

चिमणाबाई : आन पानी? नुसतं पानी वतलं तर चालंल का?

केरू : साधं पाणी हवं तेवढं वता. धुऊन निघेल चाक.

हर्षाली : पण डाव्या चाकाशी बसायचं नाही, आत्याबाई. उजवीकडं यायचं. माझ्या दाराशी, मला दिसाल असं.

चिमणाबाई : तुझ्यासमोर उतरवू? हसशील तू मला.

हर्षाली : हसेन थोडी.

चिमणाबाई : आन पहाटेचं गार असतं. काचा लावून बसतीस तू आत, काय बोललं तरी ऐकू येत नाय.

हर्षाली : काच खाली ठेवते.